सचिव महोदय, टाकी धुतल्याबद्दल आभारी आहोत

प्रति,
माननीय सचिव महोदय,
अमुक-तमुक सहकारी गृहनिर्माण संस्था (मर्यादित),
पश्चिम उपनगर, मुंबई

सा. न. वि. वि.

आपली नोटीस पोचली. चार कोपऱ्यांना सेलोटेपचे चार तुकडे आणि वर मधोमध एक, अशी ती आमच्या दारावर बसवली होती. सरकारी पत्रंसुद्धा आमच्याकडे दाराखालून सरकवली जातात. इतक्या काळजीनं आम्हाला आजवर कुणी काही कळवलं नव्हतं. 'विषय : तळमजल्यावरील अनिष्ट वर्दळ तात्काळ बंद करणेबाबत.' आमच्या मॅनेजरला वाचून भरून आलं. केंद्रावर माणसं येतात असं तो गेली चार वर्षं वरिष्ठांना कळवतोय, आणि वरिष्ठ म्हणतात, पुरावा द्या. आता सही-शिक्क्यानिशी पुरावा आहे.

पत्र खुलं आहे, तेव्हा इतरही वाचतील. त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी. दुपारी दोन ते रात्री आठ. आत सतरंजी, समुपदेशकाचं टेबल, लोखंडी कपाट, चहाचा थर्मास आणि भिंतीवर एक मोठा आरसा. इथं बोट टोचून एचआयव्हीची प्राथमिक तपासणी होई, शंका आली तर सरकारी केंद्रावर पक्क्या तपासणीला सोबत माणूस जाई, गुप्तरोगाच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळे, निरोध मिळे. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त गर्दी आरशापुढे. बँकेत काम करणारा एक जण शुक्रवारी यायचा, डोळ्यांत काजळ घालायचा, दहा मिनिटं स्वतःकडे बघायचा, पुसायचा आणि लोकल पकडायला पळायचा. अनिष्ट वर्दळ ती हीच.

आता आभारप्रदर्शन. मोठ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, म्हणजे टाकीपासून.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना 'ती लागण' असल्याचं आपल्या कानावर आलं आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली गेली. पाचव्या मजल्यावरच्या काकू सांगत होत्या, याआधी ती धुतली तेव्हा त्यांचा नातू बालवाडीत होता. आता तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टाकीतून प्लॅस्टिकचे दोन मग, एक कबूतर आणि घमेलंभर शेवाळ निघालं. एचआयव्ही निघाला नाही. तो पाण्यातून पसरत नाही. लिफ्टच्या बटणातून, जिन्याच्या कठड्यातून, डासातूनही नाही. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी १९८६ साली मद्रासमध्ये या लागणीचा देशातला पहिला पुरावा शोधला. तेव्हापासून चार दशकं होत आली. पण आपण ज्ञानापेक्षा स्वच्छतेला महत्त्व दिलंत, आणि बत्तीस कुटुंबं आज निर्मळ पाणी पीत आहेत. ते श्रेय आम्ही एकट्यानं घेणार नाही.

मग आपण गेटवर वही ठेवलीत. नाव, मोबाइल नंबर, कुणाकडे, आणि चौथा रकाना 'कामाचे स्वरूप'. महोदय, एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला आलेल्या माणसानं कामाचं स्वरूप काय लिहावं, यावर आमच्या सतरंजीवर बराच खल झाला. शेवटी पोरांनीच तोड काढली. पहिल्या मजल्यावर ज्योतिषी आहेत ना, त्यांचं नाव लिहायचं आणि 'पत्रिका दाखवणे'. दोन महिन्यांत वॉचमनच्या वहीत ज्योतिषीबुवांची इतकी गिऱ्हाइकं जमली, की आपण त्यांनाही व्यावसायिक दराची नोटीस काढलीत. बुवा खाली आले. आम्ही घाबरलो होतो. ते चहा प्यायले, आणि पुढे काही दिवसांनी त्यांनी वरून एकाला आमच्याकडे पाठवून दिलं. "याला शनी वगैरे काही नाही, याच्याशी जरा बोला," म्हणाले.

कॅमेऱ्याबद्दलही कृतज्ञ आहोत. गेटवरचा कॅमेरा बंद पडून तीन वर्षं झाली होती, दोन स्कूटर चोरीला गेल्या, तरी निधी नव्हता. आमच्या दारासमोर मात्र आठवड्यात नवा कॅमेरा लागला. रात्रीही दिसेल असा. आमच्या दाराकडे इतकं टक लावून याआधी फक्त दुधाच्या पिशवीवर डोळा ठेवणारं मांजर बघायचं. त्या महिन्यात आमच्याकडे तपासणीला येणारे निम्म्यावर आले. न आलेले काही बरे झाले नव्हते. ते कुठे गेले हे आम्हाला माहीत नाही, आणि आमच्या कामात 'माहीत नाही' यासारखा वाईट शेरा नाही.

चपलांची तक्रार मात्र खरी. मान्य. आत सतरंजी, म्हणून सगळे चपला बाहेर काढत, आणि पॅसेजमध्ये ढीग होई. पण आपण त्या मोजल्यात! 'दिनांक अमुक रोजी सायंकाळी सहा वाजता एकूण २३ जोड, पैकी ४ उंच टाचेचे.' आमच्या प्रकल्पात नोंदी ठेवणारा मुलगा पगार घेतो, तरी त्याच्या वहीत त्या दिवशी १९ होते. त्याला आम्ही आपलं उदाहरण दिलं.

खोक्याची घटना आपण विसरला नसाल. आमचा सरकारी निरोधांचा कोटा टेम्पोतून आला, आणि एक खोकं जिन्याच्या पायरीवर फुटलं. बी-विंगच्या पोरांनी त्यातल्या पाच-सहांचे फुगे केले. त्या रात्री आपण तातडीची सभा बोलावलीत, आणि 'आपल्या लेकीबाळी', 'आपले संस्कार' हे शब्द मी सातपर्यंत मोजले. मग सोडून दिलं. महोदय, आपण पासष्टीचे. आपल्या लहानपणी गावोगावच्या भिंतींवर, एसटीच्या स्टँडवर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर लाल त्रिकोण रंगवलेला असे. १९६८ पासून सरकार निरोध घराघरात पोचवत होतं. आपल्या पिढीची कुटुंबं आटोपशीर राहिली ती नुसत्या संस्कारांनी नाही. त्याच रबराचं खोकं आता तळमजल्यावर आलं तेव्हा ते अश्लील झालं.

या बाबतीत आपण एकटे नाही, आपली परंपरा मोठी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक होते, नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि शेवटपर्यंत चालवलं. वाचक त्यांना पत्रं लिहून हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारत, आणि ते अंकात साधी, सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. लक्षात घ्या, नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस पोस्टकार्डावर हा प्रश्न विचारत होता आणि मराठीतच त्याला उत्तर मिळत होतं. आपल्या सोसायटीच्या महाराष्ट्रदिनाच्या प्रश्नमंजूषेत कर्व्यांवर प्रश्न होता, हे मी पाहिलंय. उत्तर : 'महर्षी कर्वे यांचे चिरंजीव.' पूर्ण गुण.

पोलीस ठाण्यात आपण दिलेल्या अर्जाची प्रतही मिळाली. 'भारतीय दंड संहिता कलम ३७७ अन्वये कठोर कारवाई व्हावी.' अर्ज यंदाच्या पावसाळ्यातला. हवालदारसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "ही संहिताच आता नाही हो."

त्या कलमाशी आपलं इतकं जिव्हाळ्याचं नातं आहे, तर त्याचं चरित्र आपल्याला सांगणं आमचं कर्तव्य ठरतं. आपल्या अर्जात 'आपल्या प्राचीन संस्कृतीला काळिमा' असं वाक्य आहे, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत ज्या कलमाचा आधार घेतलाय ते मेकॉलेसाहेबांच्या मसुद्यातून आलेलं, १८६० साली मंजूर झालेलं. राणीच्या राज्याची देणगी. आपण तिचे शेवटचे प्रामाणिक जतनकर्ते आहात.

या कलमानं प्रत्यक्षात फार थोडे लोक तुरुंगात गेले. त्याचा खरा उपयोग धाक घालायला होई. २००१ च्या जुलैमध्ये लखनौला पोलिसांनी छापा घातला आणि एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांचे चार कार्यकर्ते पकडले. माहितीपत्रकं, आरोग्यशिक्षणाचं साहित्य जप्त. जे साहित्य सरकारच्या आरोग्य धोरणात बसत होतं, ते सरकारच्याच पोलिसांना पुरावा वाटलं. चौघं ४७ दिवस आत होते. त्याच वर्षी दिल्लीतल्या नाझ फाउंडेशननं उच्च न्यायालयात याचिका केली. ही संस्था एचआयव्हीचंच काम करणारी, आणि तिचं म्हणणं आमच्या चपलांच्या ढिगाइतकं साधं होतं : माणूस लपला तर त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही.

त्या खटल्यात एक गंमत झाली, ती आपल्याला कमिटीच्या अनुभवावरून पटेल. गृहखातं कोर्टात म्हणालं, कलम हवं. आरोग्यखात्याच्या एड्स नियंत्रण संघटनेनं, नॅकोनं, त्याच कोर्टात सांगितलं, या कलमामुळे आमचं काम अडतं. एकाच सरकारची दोन तोंडं, एकाच फाइलीत. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम निष्प्रभ केलं. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत ज्यांच्या नावानं तो खटला ओळखला जातो ते गृहस्थ (बघा योगायोग!) ज्योतिषी होते. ११ डिसेंबर २०१३ ला कलम परत जिवंत झालं. तुम्ही अगदी नगण्य आहात, असा त्या निकालाचा सूर होता. नगण्य माणसांच्या चपला मोजायला आपल्याला दर संध्याकाळी खाली उतरावं लागे, ते वेगळं. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ते पुन्हा मोडलं. आणि १ जुलै २०२४ ला ती सबंध दंड संहिताच निवृत्त झाली. नव्या न्याय संहितेत ३७७ ला जागा मिळालेली नाही. त्याला बहुधा कमिटीची एनओसी मिळाली नसावी.

आपल्याला कायद्याची आवड आहे म्हणून आणखी एक वाचायला सुचवतो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याचं कलम २२ फार गोड आहे. कायदा सहसा गोष्टी सांगत नाही, पण इथं उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं, की 'एम' नावाची व्यक्ती पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी प्रकल्प चालवते आणि 'एन' नावाच्या पुरुषाला सुरक्षित संबंधांची माहिती आणि कंडोम देते. तर एमवर किंवा एनवर ना फौजदारी गुन्हा होतो, ना दिवाणी जबाबदारी येते. संसदेनं आमच्या तळमजल्याचंच वर्णन केलंय, फक्त थर्मास राहिला. आणि कलम ३ पाहा. एचआयव्हीबाधित माणसाला किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्याला घर नाकारणं, भाड्याच्या जागेतून काढणं, यांना तिथं भेदभाव म्हटलंय. आपण त्याला सभेत 'ठराव क्रमांक ४' म्हणालात.

त्या सभेचं इतिवृत्त मी जपून ठेवणार आहे. 'आमची वस्ती कुटुंबवत्सल आहे. या लोकांची इथे गरज काय?' हा आपला प्रश्न टाळ्यांसह नोंदवलाय. उत्तर द्यायला आम्हाला बोलावलं नव्हतं, म्हणून इथं देतो.

देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीत आमच्याकडे येतात त्या पुरुषांत आणि तृतीयपंथीयांत ते तीन टक्क्यांहून वर आढळलं. म्हणजे पंधरा पटीहून जास्त. हे त्यांच्या रक्तात काही वेगळं असतं म्हणून नाही. काही कारणं शरीराची आहेत, ती समुपदेशक नीट सांगतो. बाकीची आपल्यासारख्या सज्जनांनी पुरवली आहेत. ज्याला खोली मिळत नाही तो स्टेशनच्या संडासात, रेल्वेच्या आडोशाला, घाईत उरकतो. घाईत निरोध नसतो. असला तरी खिशात ठेवायची भीती, कारण बीटवरचा एखादा शिपाई नेमका तोच काढून दाखवतो आणि पाकीट रिकामं करतो. चट्टा उठला तर डॉक्टरला 'कुठे' हे सांगायची लाज. आणि मग अठ्ठावीस-तिसाव्या वर्षी आईवडील, मामा, मावशी मिळून त्याचं लग्न लावून देतात. लग्न झालं की सुधारेल. तो सुधारत नाही. तो रविवारी सासुरवाडीला जातो आणि बुधवारी आमच्याकडे येतो, आणि त्याच्या बायकोला कुणीच काही सांगत नाही. आमच्या रजिस्टरातले बरेच जण विवाहित आहेत, महोदय. कुटुंबवत्सल वस्ती म्हणालात ना, आमचं काम तिच्याचसाठी चाललं होतं.

आता नाजूक गोष्ट. आपल्या इमारतीतली किती माणसं चार वर्षांत आमच्या दारातून आत आली, ते मी सांगणार नाही. एक आली की दहा, की एकही नाही. कायद्यानं तसं सांगता येत नाही, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. सभेत ठरावाला हात वर करणाऱ्यांचे फोटो आपण ग्रुपवर टाकलेत. मी ते पाहिले. एकेक हात नीट पाहिला. एवढंच.

ज्योतिषीबुवांचा हात खाली होता. तो एकच.

आपल्या उत्सवप्रियतेला मी विसरू शकत नाही. गणपतीची वर्गणी मागायला आपण स्वतः आलात. १,१०० रुपये, संस्थेच्या नावानं पावती. तेव्हा आमच्या नोटांना काही लागण नव्हती. दुसऱ्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रमात आपल्या मेव्हण्यांनी शालू नेसून, नथ घालून बालगंधर्वांचं पद म्हटलं, आणि आपण वन्समोअर दिलात. सुंदर म्हटलं हो, खोटं कशाला बोलू. बालगंधर्वांच्या शालूची, केसांच्या गजऱ्याची नक्कल एके काळी महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका करत. पण आमची एक पोरगी त्याच संध्याकाळी तसाच शालू नेसून, तशीच नथ घालून आरतीला आली, तेव्हा तिला मागच्या गेटनं जायला सांगितलं गेलं. ती म्हणाली, "दादा, चूक माझीच. मी उतरवणार नव्हते ना."

हीच ती, जिनं आपल्या नातवाच्या बारशाला टाळी वाजवून आशीर्वाद दिला होता. आपण स्वखुशीनं ५०१ रुपये आणि नारळ दिलात. आशीर्वाद पुढच्या दारानं, ब्लडप्रेशर तपासायला मागच्या दारानं, ही वाटणी कुणी आखून दिली ते एकदा कळवा.

१ मेच्या रक्तदान शिबिराचा दोष मात्र आपल्यावर टाकणार नाही. आमची तीन पोरं रांगेत उभी राहिली आणि फॉर्म वाचून परत आली. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांना रक्तदानातून कायमचं वगळण्याचा नियम २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्या बाबतीत आपण फक्त नियम पाळलात. इतर बाबतींत नियम नव्हते, तिथं आपण स्वतः कष्ट घेतलेत.

आणि १ डिसेंबरला सकाळी सात वाजता ग्रुपवर आलेला आपला संदेश : लाल फित, दोन गुलाब आणि 'जागतिक एड्स दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. मी तो आमच्या एका मुलाला दाखवला, जो सहा वर्षांपासून औषधं घेतोय. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "सेम टू यू लिहू का?"

त्याच मुलाचा कपाटातला खण क्रमांक नऊ. त्याबद्दल थोडं सांगायचंय, कारण नोटिशीत 'सामान तात्काळ हलवावे' असं होतं, आणि सामान म्हणजे काय हे आपल्याला माहीत असावं.

आजकाल एचआयव्हीचं औषध बहुतेकांना दिवसाला एक गोळी असतं. सरकारी केंद्रावर फुकट मिळतं. २००४ पासून ही सोय आहे. रोज घेतली, चुकवली नाही, तर काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत मोजता येत नाही, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. वाक्य परत वाचा हवं तर. म्हणजे खण नऊमधला डबा त्या मुलाला जगवतो आणि त्याच्या पुढच्या माणसालाही वाचवतो. फक्त ती गोळी रोज घ्यावी लागते. आणि घरी दीड खोली, सहा माणसं, एक कपाट. बहीण औषधाचं नाव मोबाइलवर शोधते. म्हणून डबा आमच्याकडे. कामावरून येताना तो आत शिरायचा, उभ्यानं गोळी घ्यायचा, "चला" म्हणायचा. दोन मिनिटं. आपल्या कॅमेऱ्यात त्याची रोजची दोन मिनिटं असतील. असे खण अकरा होते.

ठरावानंतरच्या आठवड्यात तो चार दिवस आला नाही. गेटवर नाव लिहायला लावतात म्हणून. चार दिवस गोळी नाही. मग आमचा आउटरीचवाला पोरगा डबा सॅकमध्ये घालून त्याच्या स्टेशनवर जाऊन उभा राहायला लागला, फलाट दोन, इंडिकेटरखाली. आपण 'वर्दळ' थांबवलीत. ती फलाटावर गेली.

आमच्या मालकीणबाईंना आपण किती प्रेमानं सांभाळलंत, तेही ऐकलं. त्या नाशिकला मुलाकडे असतात, वय चौऱ्याहत्तर. सोसायटीला भाडेकरूपोटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिगरभोगवटा शुल्क घेता येत नाही, हा नियम आपण थोडा सैल केलात. मग फोन. मग त्यांच्या सुनेला फोन. शेवटी बाईच माझ्याशी बोलल्या. "बाळा, मला तुमचं काही वाटत नाही रे, पण मला आता भांडणं झेपत नाहीत." त्या रडल्या. भाडं त्यांनी चार वर्षांत एकदाही वाढवलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचा शिकवणीवर्ग, तिसऱ्यावरचं ब्यूटी पार्लर, दंतवैद्य, आणि आपल्या स्वतःच्या गाळ्यातलं कुरिअरचं ऑफिस यांना निवासी जागेच्या वापराचा नियम अर्थातच लागू नाही. विचारलं नाही. विचारणारही नाही.

आपली बरोबरी कुणाशी करावी, याचा विचार करत होतो. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत गोठवली आणि तृतीयपंथीयांसाठी चालणारी 'मित्र' क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात बंद पडली. त्यासाठी त्यांना निवडणूक जिंकावी लागली, वॉशिंग्टनमध्ये शपथ घ्यावी लागली, हुकूम काढावा लागला. आपण ते एका ए-फोर कागदावर आणि पाच सेलोटेपच्या तुकड्यांत केलंत. भारतीय काटकसर.

उलट उदाहरण द्यायचं तर फार लांब जावं लागत नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, आणि त्या संस्थेला वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत जागा मिळाली. महापालिकेच्या! ज्या महापालिकेला खड्डा दिसत नाही, तिला ही माणसं तेव्हा दिसली होती. ३७७ जिवंत, औषध महाग, एड्स म्हणजे मरण अशी समजूत. तरी ते केंद्र चाललं. वाकोल्याची भाजी नासली नाही. सांगलीकडे 'संग्राम' १९९२ पासून वेश्यांमध्ये काम करत राहिली आणि पुढे तिथल्या समलिंगी, तृतीयपंथी मुलांनीही आपली संघटना बांधली. पुण्यात 'समपथिक' २००२ पासून. या सगळ्यांना कुणी ना कुणी सचिव भेटलेच असतील. आपल्या नावाचा त्या यादीत उल्लेख व्हावा म्हणून हा पत्रप्रपंच.

काल आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. टेम्पो गेटसमोर पाऊण तास उभा होता, त्याबद्दल क्षमस्व. आरसा उतरवताना एका कोपऱ्याला तडा गेला. तो तसाच लावणार आहोत. आपण गॅलरीत उभे होतात, म्हणून हात केला. आपण केला नाहीत. वॉचमन खोकी उचलू लागला, त्याला बोल लावू नका, त्याची ड्यूटी संपली होती.

नवी जागा आहे. इथून रिक्षानं पंधरा मिनिटं, एका गॅरेजच्या मागे, माळ्यावर. छत पत्र्याचं आहे, उन्हाळ्यात काय होईल ते बघू. गॅरेजमालकानं करार करताना एकच प्रश्न विचारला : रात्री गेट कोण बंद करणार?

शेवटी एक विनंती. गेली चार वर्षं ज्यांनी हा पत्ता मनात धरून ठेवलाय, असे काही जण अजून येतील. कुणी वर्षभर हिंमत गोळा करून येतो, आणि दार बंद दिसलं की परत फिरतो, तो पुन्हा येत नाही. म्हणून नव्या पत्त्याची पन्नासेक कार्डं वॉचमनकडे ठेवली आहेत. त्यावर संस्थेचं नाव नाही, फक्त रस्ता, वेळ आणि १०९७ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर; तो फुकट आहे. कुणी खाली घुटमळताना दिसला, तर त्याला एक कार्ड द्यायला सांगा. वहीत नाव लिहून घेऊ नका. आणि कॅमेरा, आता तिथं दुधाच्या पिशवीखेरीज काही नाही, तर स्कूटरींकडे वळवा.

कळावे, लोभ असावा.

आपला माजी भाडेकरू,
तळमजला

ता. क. बाथरूमच्या नळाचा वायसर आम्ही मार्चमध्ये बदललाय. दुरुस्तीच्या नावाखाली मालकीणबाईंकडून पैसे कापू नयेत. पावती कपाटामागे सापडली, ती या पत्रासोबत जोडली आहे.